कंपवात झालेल्या जोडीदाराला किती मदत करावी, आणि कधी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पत्नीला कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान होऊन ८ वर्षं झाली. सकाळी त्या स्वतःचं स्वतः आवरतात, दुपारी मात्र खुर्चीतून उठताही येत नाही. पाहुणे आले की हसून बोलतात, ते गेले की गप्प. ‘मुद्दाम करते की काय’ अशी शंका तुमच्या मनात येते, आणि परवा त्यावरून तुम्ही त्यांच्यावर ओरडलात. किती मदत करावी, किती त्यांचं त्यांना करू द्यावं, आणि या सगळ्यात नवरा-बायको म्हणून काही उरतं का, हे तुमचे प्रश्न आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मेंदूच्या वाढत जाणाऱ्या आजारांचे रुग्ण आणि त्यांचे जोडीदार यांच्यासोबतच माझं बहुतेक काम चालतं. औषधांचे निर्णय तुमच्या न्यूरॉलॉजिस्टने घ्यायचे. मी सांगणार आहे ते घरातलं, दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांचं.

आधी शंकेबद्दल. त्या मुद्दाम करत नाहीत. हे मी तुमचं समाधान करायला म्हणत नाही, त्यामागे साधं कारण आहे. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचाल घडवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. लिव्होडोपा हे या आजाराचं मुख्य औषध. ती गोळी मेंदूत पोचली की तिचं डोपामिन होतं. सुरुवातीची काही वर्षं उरलेल्या पेशी ते साठवून ठेवतात आणि लागेल तसं सोडतात, त्यामुळे दिवसाला तीन गोळ्यांवर सगळा दिवस सारखा जातो. पुढे पेशी आणखी घटल्या की ही साठवण संपते. मग रक्तात औषध आहे तोवर शरीर चालतं, औषध उतरलं की अडकतं. आणि लिव्होडोपाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. सकाळी स्वतःची वेणी घालणारी बाई दुपारी खुर्चीच्या कडेपर्यंतही सरकू शकत नाही, ती यामुळे.

गोळी उतरते तेव्हा फक्त हातपाय अडकत नाहीत. कुणाला घाम फुटतो, कुणाला छातीत धडधडतं, कुणाच्या मनात एकदम काळोख दाटतो, काहींचा विचार करण्याचा वेग मंदावतो. ‘माझं आता काही खरं नाही’ असं त्या नेमक्या दुपारीच म्हणत असतील, तर घड्याळ बघा. पुढच्या गोळीनंतर तासाभरात तेच वाक्य त्यांच्या तोंडी नसेल.

पाहुण्यांचंही तसंच. उत्साहाच्या किंवा ताणाच्या क्षणी शरीर थोडा वेळ एरवीपेक्षा बरं चालतं, हे या आजारात सर्रास दिसतं. डॉक्टरांच्या खोलीतही तेच घडतं, म्हणून तिथे त्या ठणठणीत दिसतात आणि तुम्ही सांगितलेलं खोटं वाटतं. त्या अर्ध्या तासाची किंमत नंतर थकव्याने मोजावी लागते. पाहुणे गेल्यावरची शांतता तुमच्यावरचा राग नसते. त्यात भर चेहऱ्याची. चेहऱ्याचे स्नायूही या आजारात आखडतात, त्यामुळे हसू आतून येतं पण ओठांपर्यंत पोचत नाही. आवाज बारीक होतो, एकसुरी होतो. समोरच्या माणसाला वाटतं की हिला कशाचंच काही नाही. प्रेम आटलंय असं वाटून मनाने दूर गेलेले कितीतरी जोडीदार मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत प्रेम जागेवरच होतं. तेव्हा चेहऱ्यावरून मन ओळखायची तुमची इतक्या वर्षांची सवय आता सोडावी लागेल. सरळ विचारा: ‘बरं वाटतंय का? कंटाळलीस का? रागावलीस का?’ आणि उत्तराला वेळ द्या. कंपवाताच्या माणसाला वाक्य जुळवायला आणि तोंडाबाहेर काढायला आपल्यापेक्षा बराच वेळ लागतो. मधली शांतता आपल्याला असह्य होते, आपण त्यांचं वाक्य पूर्ण करतो किंवा पुढचा प्रश्न विचारतो, आणि त्या अर्ध्यावर गप्प होतात. असं दिवसभर झालं की माणूस बोलणंच सोडून देतो. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजा. टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकच प्रश्न.

आता ‘किती मदत’ हा मुख्य प्रश्न. या प्रश्नाला दिवसभर लागू पडेल असं एकच उत्तर नाही, ते वेळेवर ठरतं. गोळी चढलेली असताना हात मागे ठेवा. आंघोळ, कपडे, चालणं, फोनवर बोलणं, पैशाचे निर्णय, सगळं त्यांचं त्यांना करू द्या, कितीही वेळ लागो. आपण घाईपोटी बटणं लावून देतो, आणि काही महिन्यांत त्या बोटांची उरलीसुरली सवय जाते. गोळी उतरलेली असताना मात्र वाद न घालता मदत करा. ‘सकाळी तर जमलं होतं’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. तेच काम सकाळी त्यांनी केलं आणि दुपारी तुम्ही करून दिलं, तर त्यात विसंगती काहीच नाही.

त्यासाठी आधी त्यांच्या दिवसाचा नकाशा हवा. एक वही घ्या. उठल्यापासून झोपेपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी पाडा. प्रत्येक ओळीत एकच शब्द लिहायचा: चालू, अडकलेली, जास्तीच्या हालचाली (म्हणजे अंग आपोआप वळवळणं), किंवा झोप. शेजारी गोळीची आणि जेवणाची वेळ. आठवडाभर लिहिलंत की तुम्हालाच चित्र दिसेल. गोळी किती वेळाने चढते, किती वेळ टिकते, कुठली गोळी वायाच जाते. बहुतेक घरांत वाया जाणारी गोळी जेवणासोबत घेतलेली असते. लिव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना एकाच वाटेवर गर्दी करतात, त्यामुळे ती साधारणपणे जेवणाआधी अर्धा-पाऊण तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेतलेली बरी. प्रथिनं बंद मात्र करू नका. वजन आणि ताकद दोन्ही जातील. बद्धकोष्ठाकडेही लक्ष द्या, कारण पोट साफ नसेल तर गोळी उशिरा चढते. ही वही न्यूरॉलॉजिस्टपुढे ठेवा. ‘दुपारी त्रास होतो’ या वाक्यापेक्षा तिचा उपयोग फार मोठा. दोन गोळ्यांमधलं अंतर, मात्रा, जोडीला दुसरं औषध, हे सगळं ते त्यावरून बदलू शकतात.

गोळीची वेळ पाळणं हे तुमचं सगळ्यात मोलाचं काम आहे. गजर लावा, पाण्याचा पेला आधीच भरून ठेवा. दुसऱ्या कुठल्याही कारणाने त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं तर गोळ्या आणि वेळांचा कागद सोबत न्या आणि पहिल्याच तासात नर्सला सांगा की ‘वॉर्डच्या वेळा’ चालणार नाहीत, त्यांच्याच वेळा हव्यात. लिव्होडोपा एकदम बंद पडली तर जोराचा ताप, अंग लाकडासारखं होणं, शुद्ध हरपणं इथपर्यंत गोष्टी जाऊ शकतात. त्याच कागदावर ठळक लिहून ठेवा की मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि हॅलोपेरिडॉल ही औषधं न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नयेत. पहिली दोन उलटीसाठी सर्रास दिली जातात, तिसरं बेचैनीसाठी, आणि तिन्ही डोपामिन अडवतात.

पाय चिकटण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ८ वर्षांनंतर ते घरात आलं असेल, नसेल तर पुढे येऊ शकतं. बाथरूमच्या दारात त्या एकदम थांबतात. अंग पुढे झुकतं, टाचा उचलल्या जातात, पावलं जागच्या जागी थरथरतात. आपण काय करतो? हात धरून पुढे ओढतो आणि ‘चल ना, चल’ म्हणतो. याने वरचं अंग पुढे जातं, पाय मागेच राहतात, आणि पडण्याची हीच वेळ असते. ओढू नका. शेजारी, किंचित मागे उभे राहा. म्हणा, ‘थांबू या.’ त्यांना उभ्या राहू द्या, टाचा टेकवायला सांगा, एक श्वास. मग वजन सावकाश डाव्या पायावर, उजव्या पायावर, पुन्हा डाव्या. उजवा पाय हलका झाला की सांगा, ‘आता माझ्या पावलावर पाय दे’ आणि आपलं पाऊल त्यांच्या पुढे आडवं ठेवा. बघता बघता पाय उचलला जातो. चालण्याचा आपोआप चालणारा भाग बिघडलेला असतो, पण डोळ्यांनी ठरवून टाकलेलं पाऊल मेंदूच्या दुसऱ्या वाटेने जातं. म्हणून दारात आणि वळणावर जमिनीला रंगीत पट्ट्या चिकटवा, साधारण एका पावलाच्या अंतराने. कुणाला मोजणं जमतं, कुणाला ताल. जे लागू पडेल ते ठेवा. वळताना एका जागी गिरकी नको, अर्धगोल घेऊन वळायचं. आणि चालताना बोलायचं नाही, हातात भरलेला कपही नाही.

खुर्चीतून उठवतानाही काखेत हात घालून उचलू नका. त्यांचा खांदा जातो, तुमची कंबर जाते. कडेपर्यंत सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं, आणि ‘एक, दोन, तीन’वर उठायचं. तुम्ही फक्त पाठीवर सपाट हात ठेवून पुढची दिशा दाखवायची. खुर्ची उंच आणि हाताची हवी. पडल्या तर लगेच उचलायला धावू नका. डोकं आपटलंय का, कुठे जास्त दुखतंय का हे आधी विचारा. काही शंका वाटली तर हलवू नका, मदत बोलवा. सगळं ठीक असेल तर कुशीवर, मग हातांवर-गुडघ्यांवर, समोर घट्ट खुर्ची, तिच्यावर हात, एक पाय पुढे आणि वर. त्यांनीच उठायचं, तुम्ही खुर्ची धरायची. हे चांगल्या वेळेत एकदा फिजिओथेरपिस्टसमोर करून बघा, म्हणजे प्रत्यक्ष पडल्यावर दोघांचीही घाबरगुंडी होत नाही.

काही गोष्टी डॉक्टरांना कधीच दिसत नाहीत, त्या फक्त जोडीदाराला दिसतात. झोपेत ओरडणं, लाथा मारणं, स्वप्नातल्या माणसाशी भांडणं हा या आजाराचाच भाग आहे. सांगा, उपाय असतात. तोवर पलंगाजवळची टोकदार वस्तू हलवा आणि गरज पडली तर वेगळे झोपा, त्यात कमीपणा नाही. उठल्यावर चक्कर येत असेल तर पाच मिनिटं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते पडण्याचं कारण असू शकतं. जेवताना ठसका लागतो का, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येतो का, याकडे कान द्या. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया या आजारात जीवघेणा ठरू शकतो, आणि कधी कधी ठसकाही लागत नाही. ताठ बसवून, गोळी चढलेली असताना, न बोलता जेवण. स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी लवकर करून घ्या, वजन उतरेपर्यंत थांबू नका.

आणि एक बोलायला अवघड गोष्ट. लिव्होडोपाच्या जोडीला कंपवातासाठीच देतात त्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातली गोळी चालू असेल, तर काही जणांना खरेदीचं, जुगाराचं, खाण्याचं किंवा कामवासनेचं वेड लागतं. माणूस ते लपवतो, त्याला स्वतःलाच लाज वाटते. घर यावरून मोडायला येतं आणि कुणाला औषधाचा संशयही येत नाही. असं काही दिसलं तर चारित्र्यावर जाऊ नका, डॉक्टरांकडे जा. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. भासांचंही तसंच. कोपऱ्यात कुणी बसलेलं दिसतं म्हणाल्या तर ‘वेड लागलंय का’ म्हणू नका, ‘मला नाही दिसत, पण तुला दिसतंय हे खरं’ एवढं पुरे, आणि डॉक्टरांना कळवा.

हा आजार सावकाश सरकतो. दोन-तीन दिवसांत एकदम तब्येत ढासळली, बोलणं असंबद्ध झालं, तर आजार वाढला असं समजून बसू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, पोट तुंबणं, नवं औषध, चुकलेल्या गोळ्या, यातलं काही ना काही सापडतं आणि बहुधा बरंही होतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वहीत दिवस लिहून काढलात की आणखी एक गोष्ट दिसेल. त्यांचे चांगले तास मोजके आहेत, आणि ते जवळजवळ सगळे आंघोळ, व्यायाम, तपासण्या आणि कागदपत्रांत संपतात. उरतात ते अडकलेले तास. म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांच्या वाट्याला येता ते फक्त त्या अडकलेल्या तासांत, एकाच्या हातात औषधाचा डबा आणि दुसरीच्या चेहऱ्यावर हसूही उमटत नाही. अशात नातं राहिलं नाही असं वाटणारच. म्हणून चांगल्या तासांपैकी एक तास कशालाही देऊ नका. त्यात व्यायाम नाही, ‘गोळी घेतलीस का’ नाही, मुलांना तब्येतीचा अहवाल नाही. पत्ते खेळा, गाणी ऐका, भांडा, जवळ झोपा. शरीराची जवळीक या आजारात संपत नाही. ती रात्रीऐवजी गोळी चढलेल्या वेळेला न्यावी लागते इतकंच. आंघोळ एखाद्या दिवशी राहिली तर राहू द्या, हे मी फिजिओथेरपिस्ट असून सांगते. व्यायाम मात्र आठवड्याचे बहुतेक दिवस व्हायलाच हवा, कारण पुढचे चांगले तास त्यावरच टिकतात.

ओरडण्याबद्दल. वाढत्या आजाराच्या माणसासोबत राहणारा प्रत्येक जण कधी ना कधी ओरडतो. त्यांच्या चांगल्या वेळेत जाऊन सांगा, ‘परवा मी ओरडलो, ते तुझ्यावर नव्हतं, मी दमलो होतो.’ लांबण लावू नका. पण ओरडणं आठवड्यातून अनेकदा होऊ लागलं, हात धरताना जोर लागू लागला, झोप उडाली, ‘सुटका झाली तर बरं’ असे विचार येऊ लागले, तर तो तुमच्या तब्येतीचा प्रश्न आहे आणि त्यासाठी तुम्ही स्वतः डॉक्टरांकडे जायला हवं. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजण्यासाठी झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. तुमच्या डॉक्टरांकडे मागा. तोंडाने ‘ठीक आहे’ म्हणणारी माणसं त्या कागदावर खरं लिहितात.

मदतनीस ठेवायची ऐपत असेल किंवा घरातलं कुणी हात देणार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की पहिली मदत शरीराच्या कामांना घ्या. आंघोळ, शौच, रात्रीचं कुशीवर वळवणं. बहुतेक घरं उलट करतात, झाडलोट दुसऱ्याकडे आणि बायकोचं शरीर नवऱ्याकडे. त्यात दोघांचंही अवघडलेपण वाढतं. पण त्यांना विचारून ठरवा. परक्या हातापेक्षा तुमचाच हात बरा असं त्या म्हणाल्या, तर तेच खरं. त्यांच्यासमोर डॉक्टरांशी ‘ती’, ‘हिला’ असं बोलू नका. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून विचारलं तरी त्यांच्याकडे वळून म्हणा, ‘तूच सांग.’

पुढे काय होईल, हे विचारायचं धाडस तुम्ही केलं नाहीत, पण ओळींच्या मधे ते आहे. वेग प्रत्येकाचा वेगळा. पण बोलणं आणि ठरवणं आजच्याइतकं सोपं पुढे राहणार नाही, एवढं धरून चाला. काहींना बऱ्याच वर्षांनी स्मृतिभ्रंश होतो. अक्षर बारीक होत जातं, सही जुळेनाशी होते, तेव्हा बँकेचं आणि मालमत्तेचं काम आत्ताच मार्गी लावा. गिळता येईनासं झालं तर पोटात नळी घालायची का, शेवटचे दिवस कुठे काढायचे, त्यांच्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा, हे त्यांनाच विचारा. चांगल्या तासात विचारा, एका बैठकीत एकच प्रश्न, आणि उत्तर नको असेल त्या दिवशी सोडून द्या. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, तारीख घाला, सही घ्या, आणि एक प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये ठेवा. मत बदललं तर कागद बदला. मुलं असतील तर त्यांना तो आत्ताच वाचायला द्या.